सत्तेचाळीस नंबरची जोडी

३ तारीख, सोमवार

नकाशावाली म्हणाली, "रोजच्या रोज लिहून ठेवत जा, नाहीतर महिन्याअखेर थापा माराव्या लागतात." ती कंपनीच्या कामाच्या वहीबद्दल बोलत होती. पण तिच्या तोंडून निघालेलं एकही वाक्य वाया जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून दोन वह्या आणल्या. एक कंपनीची, तिच्यात खरं लिहायचं. दुसरी ही, हिच्यात सगळं खरं लिहायचं.

आधी परिस्थिती. वय बावीस. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं. सर म्हणाले, सर्किट दुसऱ्याचं उतरवलंय. मी म्हटलं, सिद्ध करा. ते म्हणाले, तुझं तोंड बघूनच कळतं. मी प्रयोगशाळेचा मेन स्विच खाली ओढला आणि काळोखात म्हटलं, आता बघा तोंड. वाक्य झकास जमलं होतं. बाहेरून आलेले परीक्षकही आतच होते, एवढाच काय तो घोटाळा.

घरी त्या दिवशी फक्त आईला सांगितलं. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या वेळेत बसस्टॉपवर बसून जाणाऱ्या बस मोजत होतो, तर समोर स्कूटर थांबली. वर मामा. त्याला मी आयुष्यात तीनदा पाहिलेला, तेही लांबून. म्हणाला, "कॉलेज सुटलं म्हणे. काम करशील?" त्याला कुठून कळलं देव जाणे. सुरुवातीला मी अहो-जाहो करत होतो, तर म्हणाला, "शिडी धरणाऱ्याने एवढा आदर केला की शिडी हलते." तेव्हापासून अरे-तुरे. तो मला फ्यूज म्हणतो.

मामा टेलिफोन खात्याचा जॉइंटर. म्हणजे जमिनीखालच्या तांब्याच्या तारा जोडणारा. दोन तारांची एक जोडी, एका जोडीवर एक फोन. बत्तीस वर्षं तो याच भागात, एकोणीस नंबरच्या हिरव्या लोखंडी पेटीपाशी. आता फायबर आलंय. अठ्ठावीस तारखेला तांबं कायमचं बंद. त्याआधी पेटीतली एकशे त्रेचाळीस कनेक्शनं काचेच्या तारेवर न्यायची आणि पेटी रिकामी करून द्यायची, हे आमचं काम.

घरी सांगितलंय की फायबर कंपनीत आहे. मामासोबत आहे हे सांगितलेलं नाही. बाबांचा आणि मामाचा चोवीस वर्षं अबोला आहे. बाबांचा छापखाना. त्या काळी फोनसाठी रांग असायची, नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. बाबांनी सात वर्षं बघितली. सख्खा मेहुणा खात्यात, म्हणून म्हणाले, जरा नंबर वर सरकव. मामा म्हणाला, रांगेत या. तेवढ्यात चौकातल्या दुसऱ्या छापखान्याला फोन लागला आणि बाबांची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. त्या दिवशी बाबांनी आईकडून शब्द घेतला, भावाला भेटायचं नाही, फोन करायचा नाही. आमच्या घरात लँडलाइन कधीच आली नाही. मोबाइल आले तेव्हा बाबांनी गल्लीत सगळ्यांत आधी घेतला आणि वर्षभर खिशाच्या बाहेर दिसेल असा ठेवला.

आईला मी मामाबद्दल काही कळू देत नाही. या बाबतीत मी फार तयार आहे.

४ तारीख, मंगळवार

आज सहा कनेक्शनं हलवली. पेटीच्या दाराने अंगठा कापला.

मामाची एक सवय लिहून ठेवतो. बरोबर दीड वाजता तो हातातलं काम टाकतो, चाचणीचा फोन काढतो (डायल नसलेलं, दोन चिमटे लोंबणारं रिसीव्हर असतं) आणि सत्तेचाळीस नंबरच्या जोडीला लावून, पेटीच्या दारात डोकं खुपसून उभा राहतो. वीस मिनिटं. सत्तेचाळीस नंबर रजिस्टरात कुणाच्याच नावावर नाही. विचारलं तर म्हणाला, "लाइन तपासतो." रोज? "रोज तपासली म्हणून बत्तीस वर्षं टिकली."

आज जवळून जाताना ऐकलं. म्हणत होता, "कापलाय थोडा. नाही गं, टाके नाहीत. औषध मी लावलं. पट्टी बांधू देत नाही, हट्टी आहे." एक्सचेंजमध्ये कुणीतरी जुनी ऑपरेटर बाई असणार. मामाने लग्न केलेलं नाही. मी नजर दुसरीकडे वळवली. मलाही प्रेमातलं कळतं.

घरी पोचलो तर आई हळद गरम करून बसलेली. हात खिशात होता माझा, तरी म्हणाली, "अंगठा दाखव." आईपणाला कसलं जाळं लागत नाही, टॉवर नाही, तार नाही, सगळीकडे फुल रेंज. नकाशावालीला हे सांगायला हवं.

६ तारीख, गुरुवार

सांगितलं. ती हसली. मी तिला हसवलं ही या वर्षातली माझी एकमेव पदवी.

नकाशावाली कंपनीची नियोजन इंजिनिअर. कुठली तार कुठून जाणार ते ती आखते. केस पेन्सिलीने वर खोचते आणि मग पेन्सिल शोधत बसते. आज पेटीपाशी चहा पिताना मी विचारलं, याच्यापुढे काय?

म्हणाली, "हीच काच अजून पन्नास वर्षं जमिनीत राहील, फक्त दोन्ही टोकांची यंत्रं बदलत जातील. दिव्याच्या खांबाखांबावर छोटे अँटेना येतील. जिथे खणता येत नाही तिथे वरून उपग्रह. आणि जाळं स्वतःच स्वतःला सांभाळेल. एक वाट तुटली तर कुणाला न विचारता दुसरी शोधेल."

मामा म्हणाला, "आणि माणसं?"

"माणसं कमी लागतील, काका."

"नाही, म्हणजे बोलायला लागतीलच ना?"

ती म्हणाली, आता काच ऐकूसुद्धा शकते. रस्त्यावरून कुणी चाललं तर खालच्या काचेत थरथर पोचते, आणि टोकाला बसून सांगता येतं की अमुक ठिकाणी पावलं वाजली. मामा म्हणाला, "पावलं ऐकून काय करणार? कोण चाललंय ते सांगेल तर उपयोग."

मला मामाची लाज वाटली. भविष्य समोर बसून चहा पितंय आणि हा त्याला टोमणे मारतो. जाताना ती म्हणाली, "तुझ्या नोंदी नीट असतात." चार शब्द. मी मोजले.

१० तारीख, सोमवार

फायबर जोडायचं प्रशिक्षण सुरू झालं. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, जो हे शिकणार नाही त्याला अठ्ठाविसानंतर काम नाही. वर्ग रोज दुपारी एक ते तीन. मी पहिल्या बाकावर. मशीन दोन केसांसारख्या काचा समोरासमोर आणतं, ठिणगी देतं, वितळवून एक करतं आणि पडद्यावर लिहितं, ठीक. मामा फिरकला नाही.

"मामा, वर्ग."

"वेळ गैरसोयीची आहे."

"मग बढती मिळाली तेव्हाही वेळच गैरसोयीची होती का?" (साहेबांनी सांगितलं, दोनदा बढती आलेली, दोनदा याने नाकारली. दुसऱ्या भागात जावं लागलं असतं.)

तो पेटीच्या बिजागरीला तेल घालत राहिला. काही माणसांना महत्त्वाकांक्षाच नसते. अख्खं आयुष्य एका लोखंडी कपाटासमोर घालवायचं आणि वर अभिमान.

१२ तारीख, बुधवार

काच जोडायच्या मशीनची बॅटरी घरी चार्जिंगला राहिली होती. पावणेदोनला घ्यायला गेलो.

आई शिवणकाम करते. आतल्या खोलीत दिवसभर तिची शिलाई मशीन टकटकत असते. आज शांत. दार लोटलेलं. आतून आवाज, "तू जेवायला बस आधी. त्या वर्गाचं बघ ना काहीतरी. काम गेलं तर काय करशील?" मी दार ढकललं. आई एकटी, मशीनचं लाकडी झाकण घाईघाईने बसवत होती.

"कोणाशी बोलत होतीस?"

"स्वतःशी. वय झालं."

मी बॅटरी घेतली. दोनला बाबा जेवायला आले. बाबा दोनच्या आधी कधीच येत नाहीत, आणि जिना चढताना इतकं खोकतात की तळमजल्यावरची माणसं बाहेर डोकावतात. घरात पाऊल टाकलं की खोकला गायब. जिन्यातल्या धुळीची ॲलर्जी असणार.

रस्त्यात विचार करत होतो. मामा पेटीत तोंड घालून बोलतो, आई बंद खोलीत बोलते. हे त्यांच्या घराण्यातच आहे. माझ्यातही आलं असेल का? मी नकाशावालीशी मनातल्या मनात बरंच बोलतो, ती उत्तरंही देते. डॉक्टरला विचारावं लागेल.

१४ तारीख, शुक्रवार

आज मोठं भांडण झालं आणि मी बरोबर होतो.

एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस कनेक्शनं काचेवर गेली. चौदा दिवस आधी. नकाशावाली फोनवर म्हणाली, "पेटी शून्य झाली की मला लगेच कळव. मी स्वतः येऊन सही करते." स्वतः येऊन. मी उरलेल्या मेलेल्या जोड्या कापायला घेतल्या. मामा म्हणाला, "सत्तेचाळीसला हात लावू नकोस."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"कुणाच्या नावावर आहे?"

"कुणाच्याच नाही. अठ्ठावीसपर्यंत राहू दे. दोन आठवडे. तुझं काय जातं?"

"माझं शून्य जातं."

मग तो म्हणाला, "ती मुलगी सहीला येणार म्हणून एवढी घाई ना? अरे फ्यूज, ती आपल्या कामाला येते, तुझ्याकडे नाही." पाच माणसं होती आजूबाजूला. तांबं न्यायला आलेले स्क्रॅपवाले हसले.

माझं डोकं फिरलं. तो साहेबांकडे गेला तेव्हा मी सत्तेचाळीसला तपासणीचं यंत्र लावलं. एक्सचेंजचा करंट नाही. पुढचं टोक उघडं, अंतर ६१२ मीटर. जोडी मेलेली आहे याचा एवढा पुरावा कोर्टातही चालेल. अंतर रीतसर अहवालात लिहिलं आणि कटर दाबला. नुसती ती जोडी नाही, पेटीच्या बुडाशी अख्खी केबल. स्क्रॅपवाल्यांनी दुसऱ्या टोकाने यंत्र लावून चार वाजेपर्यंत ती जमिनीतून ओढून काढली आणि चाकावर गुंडाळली.

नकाशावाली आली, सही केली, म्हणाली, "छान." मामा परत आला तेव्हा केबल ट्रकमध्ये चढत होती. मला वाटलं आता ओरडेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो ट्रककडे बघत राहिला, मग स्कूटर ढकलत घेऊन गेला. चालू असलेली स्कूटर.

१५ तारीख, शनिवार

मामा दीड वाजता पेटीपाशी गेला. चाचणीचा फोन काढला. चिमटे लावायला जागा नव्हती, तर नुसता हातात धरून उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने ऑपरेटर बाईसाठी एवढं करावं. एक्सचेंज अर्धा तास लांब आहे, जाऊन भेट म्हणावं.

घरी आईने शनिवारचे तीन कपडे उलट बाजूने शिवले. उसवत बसली होती.

१७ तारीख, सोमवार

सकाळी आई: "तुमच्या कामावर सगळे बरे आहेत ना?"

"हो. का?"

"असंच. कुणी शिडीवरून पडलं वगैरे? वयस्कर माणसं असतात."

दुपारी मामा: "घरी सगळं ठीक? तुझी आई जेवते ना वेळेवर?"

"जेवते. का?"

"असंच."

माझा अंदाज असा की दोघांनाही माझ्याबद्दल काहीतरी संशय आलाय. म्हणून दोघांनाही कमीत कमी माहिती दिली.

१९ तारीख, बुधवार

मामा प्रशिक्षणाला येऊ लागला. एकच्या ठोक्याला येतो, शेवटच्या बाकावर बसतो. जाड बोटांनी पहिल्या पाच काचा मोडल्या. सहावी जोडली. पडद्यावर 'ठीक' आलं. तो म्हणाला, "आमच्या वेळी समोरचा माणूस हॅलो म्हणाला की ठीक." साहेब खूश. मी म्हटलं, "बघ, वेळ निघाला ना?" तो म्हणाला, "हो, आता वेळच वेळ आहे."

आई डबा दुप्पट देते. "सोबतच्यांना दे. जे वयाने मोठे असतील त्यांना आधी." मामाने पहिला घास घेतला आणि कितीतरी वेळ चावतच राहिला. मीठ जास्त झालं असावं.

बाबा रोज दोनला खोकत येतात. आज जिन्यात बराच वेळ थांबून खोकले. वर आल्यावर मला विचारलं, "मशीन सारखी चालू असते हल्ली. दुपारचीसुद्धा. फार काम आलंय का तुझ्या आईला?" मी म्हटलं, असेल. ते म्हणाले, "हं." मग पानात बघत राहिले.

२० तारीख, गुरुवार

नकाशावालीने बोलावलं. मी शर्ट बदलून गेलो.

तिच्या पडद्यावर भागाचा नकाशा. म्हणाली, "तुझ्या अहवालात एक जोडी आहे. सत्तेचाळीस. सहाशे बारा मीटरला टोक. पण तिथे आमच्या नोंदीत काहीच नाही. टोक असं हवेत कसं संपेल? मला नकाशात भोकं आवडत नाहीत." तिने पेटीवर बोट ठेवलं आणि केबलच्या रेषेवरून सरकवत नेलं. चौक, दवाखाना, गल्ली. सहाशे बाराला बोट थांबलं. "हे कुणाचं घर?"

तिसऱ्या मजल्याची खिडकी. आईच्या खोलीची.

मी म्हटलं, "माझं."

घरी आलो. आई भाजी आणायला गेली होती. शिलाई मशीनचं लाकडी झाकण उचललं. आत मऊ फडक्यात गुंडाळलेलं, डायल नसलेलं रिसीव्हर. मामाकडे आहे तसलंच. त्याची तार मशीनच्या पायातून, खिडकीच्या चौकटीला रंगवून लपवलेली, बाहेर. फडकं आईच्या जुन्या निळ्या साडीचं. मी लहान असताना ती साडी फाटली होती, म्हणजे निदान पंधरा वर्षं.

झाकण परत लावलं.

कापलाय थोडा. नाही गं, टाके नाहीत.

आज यापुढे लिहीत नाही.

२१ तारीख, शुक्रवार

मामाला म्हटलं, "मला कळलं."

तो म्हणाला, "किती दिवस लागले. तुला इंजिनिअर होऊ दिलं नाही ते बरंच झालं." आणि मला खूप राग आला. चूक माझी होती म्हणून जास्तच आला.

"बाबांना सात वर्षं रांगेत उभं केलंस. आणि स्वतःसाठी मधल्यामध्ये लाइन टाकलीस?"

"तुझ्या बाबांच्या पुढे एकशे बारा माणसं होती. पुढचा नंबर दवाखान्याचा होता. त्यांना काय सांगू, थांबा, माझ्या भावोजींना लग्नपत्रिका छापायच्यात?" मग म्हणाला, "सत्तेचाळीस कुणाची नव्हती. खालून सडलेली जोडी, खात्याने सोडून दिलेली. मी रविवारी चर खणून चार ठिकाणी जोडली. एक्सचेंजला लागलेली नाही, दोन सेलवर चालायची. नुसती तिकडची ताई आणि इकडचा मी. तरी चूकच. पकडलं असतं तर नोकरी गेली असती."

"चोवीस वर्षं?"

"रविवारी सुट्टी. तुझे बाबा घरी असतात."

बढती दोनदा नाकारली. एकोणीस नंबर पेटी. मी कायकाय बोललो होतो त्याला. वहीची मागची पानं वाचली आणि फाडावीशी वाटली. फाडली नाही. नोंदी नीट असतात माझ्या.

संध्याकाळी नकाशावालीकडे गेलो. सगळं सांगितलं. तिच्या नव्या केबलमध्ये पुढच्या काळासाठी म्हणून रिकाम्या काचा सोडलेल्या असतात. म्हटलं, एक दे. पेटीपासून घरापर्यंत. कुणाला कळणार नाही.

"मला कळेल," ती म्हणाली. "आणि नकाशावर मी खोटं काढत नाही." मग पेन्सिल शोधू लागली. केसांतच होती, मी सांगितलं. "तुझी आई त्यांना सरळ फोन का करत नाही? लोक आता जगाच्या दुसऱ्या टोकाशी तोंड बघून बोलतात."

पन्नास वर्षांचा नकाशा हिच्याकडे आहे आणि सहाशे बारा मीटरचं काही करता येत नाही.

२४ तारीख, सोमवार

दीड वाजता घरी गेलो. मोबाइलवर मामाचा नंबर काढून आईपुढे धरला. "बोल. तू लावू नकोस, मी लावतो."

आईने पाय मशीनवर तसाच ठेवला. "तुला माहीत आहे म्हणजे."

"मीच कापली, आई."

"ते कळलं. तू चौदा तारखेला पेटी शून्य झाली म्हणून नाचत आला होतास. आणि पंधराला लाइन मेली. मी शाळेत गणितात पहिली होते." तिने माझ्या शर्टाचा सुटलेला धागा दाताने तोडला. "मी तुझ्या बाबांना शब्द दिलाय. फोन करणार नाही."

"आणि इतकी वर्षं काय करत होतीस?"

"तो फोन थोडाच होता. शेजार होता."

"मी मामाबरोबर काम करतो हे तुला कधीपासून..."

"तुला बसस्टॉपवरून उचलायला त्याला कोणी पाठवलं?" आणि मशीन सुरू केली. टकटकीत पुढचं काही ऐकू आलं नाही. जिन्यात खोकला सुरू झाला. मी घड्याळ पाहिलं, दोन.

२६ तारीख, बुधवार

आज आक्रीत घडलं.

नवीन कनेक्शनच्या अर्जांसाठी कंपनीने चौकात टेबल मांडलंय. आज माझी पाळी. अकरा वाजता समोर बाबा. चष्मा लावून त्यांनी अर्ज घेतला, आधी छपाई बघितली, "शाई फिकट आहे," म्हणाले, मग छापल्यासारख्या अक्षरात भरला. घरचा फोन. लँडलाइनची रिकामी जागा आमच्या घरात चोवीस वर्षं होती, ती त्यांनी एका ओळीत भरली.

"किती दिवस लागतील?"

"परवा लागेल, बाबा."

"परवा." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "दोन दिवस."

मग म्हणाले, "बसवायला पोरंटोरं पाठवू नका. हात बसलेला माणूस हवा. एकोणीस नंबरच्या पेटीवर असतो तो."

मी म्हटलं, त्या माणसापेक्षा मी चांगलं बसवतो, माझं प्रशिक्षण झालंय, त्याने पाच काचा मोडल्यात. बाबा म्हणाले, "तूच कापाकापी केलीस, तेवढी पुरे." कॉलेजबद्दल बोलत असावेत. अजून मनात आहे त्यांच्या.

एकोणीस नंबर त्यांना कसा माहीत? पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलाय आणि छापखान्याचा रस्ता तिथूनच जातो, म्हणून असेल. पण तिथे कोण असतं हे त्यांना माहीत नाही, हे नक्की. समोरासमोर आले तर काय होईल? मामाला अर्ज दाखवला. त्याने पत्ता वाचला, सही वाचली, परत पत्ता वाचला. म्हणाला, "शर्ट इस्त्री करावा लागेल."

२८ तारीख, शुक्रवार

सकाळी दहाला तांबं बंद झालं. एक्सचेंजमध्ये कुणीतरी कळ दाबली असणार. रस्त्यावर काहीच वेगळं दिसलं नाही.

मामाने एकला बेल वाजवली. इस्त्रीचा शर्ट, हातात ड्रिल. मी मागे, शिडी घेऊन, भांडण झालं तर मध्ये पडायच्या तयारीत. दार बाबांनी उघडलं. ते आज खोकले नाहीत, छापखाना बंद ठेवून घरीच होते.

दोघे उभे. आई आतल्या खोलीच्या दारात, हातात टेप तशीच.

बाबा म्हणाले, "उशीर केलात."

मामा म्हणाला, "रांग मोठी होती, भावोजी."

मी शिडी घट्ट धरली. बाबांच्या तोंडाचा कोपरा हलला. मग ते बाजूला झाले आणि म्हणाले, "भिंतीला भोक लहान पाडा. रंग नवा आहे." रंग आठ वर्षांपूर्वीचा आहे.

मामा बैठकीच्या खोलीत फोनची डबी बसवायला निघाला. बाबा म्हणाले, "तिथे नको. आत बसवा. शिलाई मशीनपाशी." मामा आत गेला. खिडकीच्या चौकटीतली जुनी तार त्याने काढली नाही, तिच्याच शेजारून नवी नेली. काच जोडायला वाकला आणि पहिली मोडून दुसरी घेतली. आई म्हणाली, "हळू." चोवीस वर्षांत समोरासमोर तिने त्याला म्हटलेला हा पहिला शब्द. मशीनने लिहिलं, ठीक. डबीवर हिरवा दिवा लागला.

बाबा म्हणाले, "वीज गेली तर?"

"तर बंद पडेल," मामा म्हणाला. "तांब्याचं तसं नव्हतं. नवीन गोष्टीत तेवढी खोट आहे."

"वीज गेली तर मग चालत यायचं," बाबा म्हणाले. "लांब नाही. सहाशे-सातशे मीटर असेल."

मग त्यांनी चप्पल घातली आणि छापखान्यात जाऊन येतो म्हणून निघून गेले. आज छापखाना बंद होता, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. वय झालं त्यांचंही.

आई आणि मामा समोरासमोर बसले. दीड वाजला होता. आणि दोघांनाही काही सुचेना. दहा मिनिटं गेली. शेवटी मामा उठून बाहेरच्या खोलीत गेला, खिशातून मोबाइल काढला आणि आतला नवा फोन वाजला. आईने उचलला. मधे एक भिंत. मग जे सुरू झालं ते अडीचपर्यंत.

३ तारीख, सोमवार

महिना झाला या वहीला. मामाला फायबरच्या कामावर कायम केलं. एकोणीस नंबरची रिकामी पेटी स्क्रॅपवाले न्यायला आले होते, तर तो म्हणाला, बिजागरी चांगली आहे, राहू द्या. घेऊन गेले.

नकाशावालीची बदली झाली. समुद्राखालच्या केबलींच्या नकाशांवर. जाताना मला एक पाकीट दिलं. मी चौक ओलांडेपर्यंत उघडलं नाही. आत कॉलेजच्या फेरप्रवेशाचा अर्ज, शेवटच्या तारखेवर तिच्या पेन्सिलीची खूण, आणि कडेला लिहिलेलं, 'नोंदी नीट असतात. मेन स्विच लांब ठेवा.' इतक्या लोकांत फक्त माझ्यासाठी अर्ज आणला. आणखी काय स्पष्ट सांगायला हवं? तिच्यासोबत काम करणारा एक जाड चष्मेवाला मुलगाही तिकडेच बदली मागून गेलाय. बिचारा. उगाच एवढ्या लांब.

अर्ज भरलाय. सरांना भेटून माफी मागायची आहे. वाक्य तयार करतोय, अजून झकास जमत नाही.

एकच काळजी. आता घरात काही लपवायचं नाही, मामा काल, रविवारी, जेवायलासुद्धा आला, तरी बाबा दुपारी दोनला जिन्यात तसेच खोकतात. जिना मी स्वतः दोनदा धुऊन काढला. आज त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती ठणठणीत आहे, कधीच काही नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं म्हणतो.